अकराचं ॲव्हरेज देणारी स्कॉर्पिओ विकून सीएनजी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे शिक्षक आहेत, सांगलीत विश्रामबागला भाड्याच्या घरात राहतात, गाडी रस्त्यावरच लागते. गाडी २०१५ च्या पासिंगची डिझेल स्कॉर्पिओ, पहिले मालक, रनिंग १ लाख ४० हजार. शाळा तासगावला, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. महिन्यातून एक-दोनदा सावळजला वडिलांच्या द्राक्षबागेत फेरी. गाडी आधी तेराचं ॲव्हरेज द्यायची, वर्षभरात अकरावर आली. शोरूम एक्सचेंजमध्ये ३ लाख ७० हजार देतंय, बाहेर एक गिऱ्हाईक ४ लाख ४० हजारांना तयार आहे. ती विकून स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली) घ्यावी, सीएनजी की इलेक्ट्रिक? आणि विकताना काय सांभाळायचं?

सर, आधी एक सांगून टाकतो. माझं सांगली-मिरज रस्त्याला गॅरेज आहे आणि जुन्या गाड्यांची देवघेवही मी करतो. म्हणजे ‘विका’ म्हणण्यात माझा फायदा असतो. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: तेराची गाडी अकरावर आली. वय झालं म्हणून इंजिन वर्षभरात दोन किलोमीटर खात नाही. कुठेतरी काहीतरी बिघडलंय. ते न शोधता गाडी विकायला काढली तर दोन्हीकडून मार बसतो. गिऱ्हाइकाचा मिस्त्री ट्रायलला बसला की त्याला ते कळणारच, आणि तो भाव पाडून मागणार. शिवाय नवीन गाडी परवडते की नाही हा हिशेब तुम्ही आजारी गाडीच्या आकड्यावर मांडणार, त्यामुळे नवीन गाडी आहे त्यापेक्षा स्वस्त वाटणार.

म्हणून पहिलं काम, ॲव्हरेज नीट मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा सोडा. टाकी काठोकाठ भरा, डिझेलचा फेस बसू द्या, पुन्हा भरा, ट्रिप मीटर शून्य करा. चार-पाचशे किलोमीटर तासगावच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर पुन्हा तशीच भरा. किलोमीटर भागिले लिटर. पाचशे रुपयांचं डिझेल टाकून काटा कुठे गेला ते बघण्यात काही अर्थ नाही.

अकराच आली तर गॅरेजला येण्याआधी घरच्या घरी एक तपासणी करा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी हळूहळू थांबवा. खाली उतरून चारही चाकांजवळ, पुढे डिस्कपाशी आणि मागे ड्रमपाशी, हात न्या, आधी लांबून. तीन कोमट आणि एक भाजेल इतकं गरम असेल तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, पुढचं चाक असेल तर बहुधा कॅलिपरची पिन नाहीतर पिस्टन जाम आहे. गाडी ब्रेक ओढत पळतेय आणि डिझेल त्यात जातंय. काम छोटं असतं. मग टायरची हवा आणि एअर फिल्टर. द्राक्षबागेच्या वाटेची धूळ खाल्लेला फिल्टर उन्हाकडे धरून बघा, पलीकडचा उजेड दिसला नाही तर बदला. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप चिरला असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सूंऽ आवाज येतो आणि मागून काळा धूर. तोही स्वस्तातला आजार.

महागडा आजार म्हणजे इंजेक्टर. त्यासाठी आम्ही चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या काढून खाली चार सारख्या बाटल्या लावतो आणि गाडी स्टार्ट ठेवतो. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं चढलं तर ठीक. एक बाटली भराभर भरत असेल तर तो इंजेक्टर आतून गळतोय. हे तुमच्या डोळ्यांसमोर करून मागा. ‘चारही इंजेक्टर गेले’ असं नुसतं ऐकून खर्चाला हो म्हणू नका. एकच गेलेला असतो असं बऱ्याचदा होतं.

आता हिशेब. भाव रोज हलतात, म्हणून गोल आकडे धरतो: डिझेल ९१ रुपये, पेट्रोल १०५, सीएनजी किलोला ९३. तुमच्या पंपावरचे आकडे घालून पुन्हा करून बघा, पद्धत तीच. शाळेच्या सुट्ट्या वजा करून आणि सावळज, लग्नकार्य धरून वर्षाला १५,००० किलोमीटर पकडतो.

अकराच्या ॲव्हरेजने किलोमीटरला ८ रुपये २७ पैसे पडतात. दुरुस्त होऊन तेरावर आली तर बरोबर ७ रुपये. म्हणजे गाडी न बदलता, नुसती बरी करून वर्षाला १९ हजार वाचतात. इंजेक्टरचं काम निघालं तरी तो खर्च फार दिवस अंगावर राहत नाही.

इथे थांबून ॲव्हरेजची एक गंमत सांगतो, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. ११ ची गाडी विकून १५ ची घेतली, चारच वाढले. २० ची विकून २८ ची घेतली, आठ वाढले. ऐकायला दुसरा सौदा भारी वाटतो. पण शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात ते बघा. ११ ला ९.१ लिटर आणि १५ ला ६.७, म्हणजे जवळपास अडीच लिटर वाचले. २० ला ५ लिटर आणि २८ ला साडेतीनच्या थोडं वर, वाचले दीडच्या आत. खादाड गाडी थोडी जरी सुधारली तरी पैसे दिसतात. आधीच काटकसरी असलेल्या गाडीतून आणखी काटकसरी गाडीत जाण्यात फारसं हाती लागत नाही. तुमची गाडी पहिल्या जातीतली आहे, त्यामुळे बदलाला अर्थ आहे. पण कशात बदलता यावर सगळं आहे.

स्ट्राँग हायब्रिडबद्दल लवकर उरकतो. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा कंपनीचा दावा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आहे. रस्त्यावर २१ धरा, किलोमीटरला ५ रुपये. दुरुस्त स्कॉर्पिओच्या तुलनेत किलोमीटरमागे २ रुपये, वर्षाला ३० हजार वाचले. गाडी नंबर लागून दारात येईपर्यंत १९-२० लाख. तुमचे ४ लाख ४० हजार घातले तरी १५ लाखांचं कर्ज. ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता २४,१०० च्या पुढे जातो. तुमची आजारी स्कॉर्पिओसुद्धा महिन्याला डिझेल पिते १०,३०० चं. डिझेल वाचवायला डिझेलच्या दुपटीहून जास्त हप्ता भरायचा! गाडी आवडली म्हणून घ्या, खुशाल घ्या. ॲव्हरेजसाठी घेतो असं घरात सांगू नका. शिवाय हायब्रिडची खरी कमाई थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत असते, ब्रेक मारताना ती बॅटरी भरून घेते. तासगावचा रस्ता एका लयीत पळण्याचा. तिथे तिचा फायदा आटतो.

इलेक्ट्रिकचं गणित कागदावर सगळ्यात सरस. रोज पन्नास किलोमीटर म्हणजे लहान गाडीला आठेक युनिट, घरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीत तीन तासांचं काम. चार्जिंगमधली घट धरून, युनिटला १२ रुपये लावले तरी किलोमीटर दोन रुपयांच्या आसपास. पण तुमचं घर भाड्याचं आणि गाडी रस्त्यावर. दुसऱ्या मजल्यावरून वायर खाली सोडून रोज चार्जिंग करणं धोक्याचं आहे. रोज बाहेरच्या चार्जरवर जायचं तर युनिटचा भाव वाढतो आणि वेळ जातो तो वेगळाच. स्वतःचं घर आणि त्याचं पार्किंग झालं, छतावर सोलर बसलं, की पुन्हा विचारा. तेव्हा माझं उत्तर बहुधा वेगळं असेल.

राहिली सीएनजी. मारुतीच्या वॅगनआर सीएनजीचा दावा किलोला ३४.०५ किलोमीटर, टाटा पंचचा २६.९९. वॅगनआरला प्रत्यक्षात २६ धरा, किलोमीटरला ३ रुपये ५८ पैसे. पण सगळे किलोमीटर गॅसवर होत नाहीत. थंड गाडी पेट्रोलवर उठते आणि पंपावर रांग असली की माणूस कंटाळून पेट्रोलवरच निघतो. दहा टक्के पेट्रोल धरलं तर पावणेचार रुपयांच्या थोडं वर. दुरुस्त स्कॉर्पिओच्या मानाने वर्षाला ४८ हजारांची बचत.

नवीन वॅगनआर सीएनजी रस्त्यावर यायला पावणेआठ लाख धरले, तर वरून ३ लाख ३५ हजार घालावे लागतील. ते फिटायला सात वर्षं, व्याज धरलेलंच नाही. तीन-चार वर्षं जुनी, कंपनी फिटेड सीएनजी सव्वापाच लाखांना मिळाली, आणि नावावर करणं, विमा, दोन टायर, बारीकसारीक यात तीस हजार गेले, तर वरून १ लाख १५ हजार. ते अडीच वर्षांच्या आत फिटतात आणि पुढची प्रत्येक वर्षाची बचत तुमच्या खिशात. माझं मत इथेच ठरतं: स्कॉर्पिओ बरी करा, चांगल्या भावात विका, आणि जुनी कंपनी फिटेड सीएनजी घ्या. नवीन घ्यायचीच असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवर जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे. त्याच्या आधीचं कोटेशन कुणी दाखवलं तर ते बाजूला ठेवा. नवीन गाड्या उतरल्या की जुन्यांचे भावही खाली सरकतात, तेव्हा जुनी घेताना तोंड उघडून घासाघीस करा. मोठ्या गाड्यांवर आता ४० टक्के आहे, तोही सेससकट आधी जेवढा होता त्याहून कमीच. तुमची स्कॉर्पिओ विकताना समोरचा हेच तुम्हाला ऐकवणार, तयारीत राहा.

एक अडचण मात्र तुमची तुम्हीच सोडवायची आहे. सावळजला जाताना स्कॉर्पिओत काय काय जातं? औषधाचे कॅन, खताची पोती, येताना द्राक्षाचे चार क्रेट. वॅगनआर सीएनजीची डिकी टाकीनेच भरलेली असते, बॅग ठेवायलाही कसरत. पंच सीएनजीत दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आहेत, सामानाला जागा उरते आणि गाडी उंच आहे, बागेच्या वाटेला बरी. ॲव्हरेज मात्र वॅगनआरपेक्षा कमी. तिसरा मार्ग, हंगामात दोन-चार वेळा छोटा हत्ती भाड्याने सांगायचा. वर्षातल्या त्या चार फेऱ्यांसाठी रोज जास्तीचं डिझेल जाळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पण वडिलांना विचारा. दारात स्कॉर्पिओ नसणं त्यांना चालेल का, हा हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

सीएनजीवर ताकद कमी पडते हेही खरं. मारुतीच्या १.२ च्या नव्या इंजिनला पेट्रोलवर ८२ च्या जवळ अश्वशक्ती आहे, सीएनजीवर ७०. तासगावला जाताना जाणवणार नाही. पाच माणसं भरून, एसी लावून खंबाटकी चढताना जाणवेल. स्कॉर्पिओची सवय असलेल्या माणसाला पहिले काही दिवस ओव्हरटेकचा अंदाज नव्याने बसवावा लागतो, हे गंभीरपणे घ्या.

आता विक्री. ३ लाख ७० आणि ४ लाख ४० यात ७० हजारांचा फरक आहे, तो सोडण्यासारखा नाही. जुनीच घ्यायची ठरली तर शोरूमचा एक्सचेंज बोनस तसाही कामाचा नाही. नवीन घेणार असाल तर दोन कोटेशन मागा, एक एक्सचेंज धरून, एक न धरता. बोनस कुठल्या खिशातून काढून कुठल्या खिशात घातलाय ते दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसतं.

वेळही बघा. आपल्याकडे पितृपक्षात गाडीचा व्यवहार कुणी करत नाही, दसऱ्याला मात्र गिऱ्हाईक स्वतः फोन करतं. म्हणून विकायची गणपतीच्या आधी किंवा दसऱ्याच्या तोंडावर, आणि घ्यायची जमलं तर पितृपक्षात, जेव्हा विकणारा गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो. तुम्ही हे मानत असाल तर सौदा ठरवून ठेवा आणि डिलिव्हरी घटस्थापनेला घ्या. जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एका वर्षाने म्हातारी होते, तेवढं टाळा. द्राक्षाचे आणि उसाचे पैसे हातात आले की जत, आटपाडी, कवठे महांकाळकडून स्कॉर्पिओला मागणी येते. या गाडीला आपल्या भागात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, घाई करू नका.

भाव पाडायला दोन गोष्टी हमखास काढल्या जातात. पहिली: ‘डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते.’ तो नियम दिल्ली आणि आसपासच्या परिसरापुरता आला होता, हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. तुमची २०३० पर्यंत आहे, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, पर्यावरण कर भरून. आरसीवरची तारीख दाखवा, विषय संपतो.

दुसरी गोष्ट जास्त चिवट आहे: सांगलीचा एमएच-१० नंबर बघितला की पुण्याचं गिऱ्हाईक विचारतं, ‘पुरात होती का?’ त्याचंही चुकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात, शामरावनगरात शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. तुमची गाडी त्या दिवसांत कोरडी होती हे दाखवायला तोंडी शपथ नको. कंपनीच्या सर्व्हिसची छापील हिस्ट्री आणि विम्याचा क्लेम नसल्याचा कागद काढून ठेवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, सलग वाढत गेलेला असेल तर तोच सगळ्यात बोलका पुरावा.

हीच तपासणी तुम्ही गाडी घेताना उलट्या बाजूने करायची आहे. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत, अगदी हिसका बसेपर्यंत बाहेर ओढा. रोज वापरात येणारा वरचा भाग लोक धुतात, रिळात गुंडाळलेला खालचा भाग विसरतात. तिथे मातीची रेघ, डाग किंवा कुबट वास असेल तर पाणी तिथवर आलं होतं. मग सीट मागे सरकवून खालच्या पट्टीचे बोल्ट बघा. गाडी चार वर्षांची आणि बोल्टवर तांबडा गंज, हे जुळत नाही. स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचला. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ नखाने निघतो. नवीकोरी सीट कव्हरं आणि दरवळणारं अत्तर दिसलं की मी बेल्टपासूनच सुरुवात करतो.

सीएनजीसाठी आणखी थोडं. आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं हवं. बाहेरून किट बसवून आरसीवर न चढवलेली गाडी घेऊ नका, अपघातात विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख बघा. उलटली असेल तर तो खर्च भावातून कापा. भाड्याने पळालेल्या सीएनजी गाड्या नंतर खासगी पासिंग करून विकायला येतात. त्यांचं रनिंग प्रचंड असतं आणि मीटर मागे केलेला असू शकतो. आरसीचा इतिहास आणि सर्व्हिसची नोंद जुळवा. मीटर ४५ हजार दाखवतोय आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, तर पेडलवर विश्वास ठेवा. चालू गाडी पेट्रोलवरून गॅसवर टाकून बघा, मोठा झटका येता कामा नये.

घेतल्यावर पेट्रोलची टाकी तळाला नेऊन गाडी महिनोन्महिने गॅसवर पळवू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जातं, त्यामुळे आपण त्याला नावं ठेवताना जरा दबकतो. पण इथेनॉल पाणी ओढतं आणि साचून राहिलं की त्रास देतं. लिटरमागे त्याची ऊर्जाही पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून पेट्रोलवरचं ॲव्हरेज थोडं उतरतं. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

कागदांकडे वळतो, कारण नुकसान होतं ते इथे. टीटीचे, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे, फॉर्म कोरे ठेवून नुसत्या सह्या करून देऊ नका. ‘सर, सह्या करून ठेवा, ट्रान्सफर सावकाश करून घेतो’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. फॉर्म २९ हा तुम्ही विकल्याची सूचना, फॉर्म ३० हा नावावर करण्याचा अर्ज. दोन्हींत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरून मगच सही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, घेणाऱ्याला ३० दिवस. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक तोच. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली होती, आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं होतं. तुमची स्कॉर्पिओ जतला कुणाला धडकली आणि विमा संपलेला असला, तर नोटीस विश्रामबागला येईल.

माझ्यासारख्या व्यापाऱ्याला विकत असाल तर तो आरटीओचा अधिकृत डीलर आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरला गाडी सोपवताना फॉर्म २९-सी ऑनलाइन भरायचा असतो, तो भरला की पुढची जबाबदारी डीलरची. प्रमाणपत्र नसलेल्याला हे लागू नाही, तो कितीही ओळखीचा असो.

गाडीवर कधी पतसंस्थेचं कर्ज होतं का? फेडलं असेल, पण आरसीवरचा बोजा उतरवला नसेल तर ट्रान्सफर अडतं. पतसंस्थेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. आपल्या जिल्ह्यात बंद पडलेल्या पतसंस्था कमी नाहीत. तुमची त्यातली निघाली तर अवसायकाकडून (बंद संस्थेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून) पत्र आणावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून जाहिरात टाकण्याआधी हे तपासा. २०१५ च्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागणार, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसली तर आरटीओत काम पुढे सरकत नाही. ई-चलन भरून टाका, पीयूसी आणि विमा चालू हवा, आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्याच हातातला असू द्या, ओटीपी त्यावर येतो.

मिरजेपलीकडून कागवाड, अथणीचं गिऱ्हाईक आलं तर मामला वेगळा. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागते, घेणाऱ्याला तिकडचा कर भरून नवीन नोंदणी करावी लागते, आणि ती होईपर्यंत नाव तुमचंच. तो दहा-पंधरा हजार जास्त देत असेल तरी मी इकडच्याच गिऱ्हाइकाला देईन. कर्नाटकचा कर तो तसाही तुमच्या भावातूनच काढत असतो.

पैसे खात्यावरच घ्या. बागायतदार रोख मोजून द्यायला तयार असतात, पण २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यानुसार चालत नाही, आणि दंड घेणाऱ्याला बसतो, देणाऱ्याला नाही. बयाणा घेतला तर त्यावर सौदा मोडल्यास काय, तेही एका ओळीत लिहून घ्या. रक्कम खात्यावर दिसल्याशिवाय दुसरी किल्ली देऊ नका. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, मीटरचा आकडा लिहा, आणि घेणाऱ्याचा सहीनिशी आधार घ्या.

विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागून घ्या. तो बोनस माणसाचा असतो, गाडीसोबत जात नाही. पत्र तीन वर्षं चालतं आणि ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असेल तर पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात तेवढी सूट मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यात नाही.

फास्टॅग काचेवरून नुसता खरवडून काढून चालत नाही, बँकेत सांगून बंद करा. नाहीतर नवा मालक किणी आणि तासवडे ओलांडत राहतो आणि पैसे तुमच्या खात्यातून जात राहतात. एका गाडीला एकच फास्टॅग असतो, तुमचा बंद झाल्याशिवाय त्याचाही निघत नाही, त्यामुळे हे काम डिलिव्हरीच्या दिवशीच त्याच्यासमोर उरकून घ्या.